परवान्याची बदली

निवृत्त होऊन सात महिने झाले, पण या सात महिन्यांत हेडक्लार्कांना घरात कुणी एक म्हणून काम सांगितलं नव्हतं. नळ गळला की बायको प्लंबरला बोलवायची, बल्ब गेला की स्वतःच स्टुलावर चढायची. "तुम्ही बसा हो," हे ऐकून त्यांचे कान किटले होते. एकतीस वर्षं बदल्यांचं टेबल सांभाळलेला माणूस. शेकडो लोकांना त्यांनी इकडून तिकडे हलवलं, आणि आता त्यांनाच कुणी खुर्चीवरून हलू देत नव्हतं.

बायकोचं मात्र उलट. पुढच्या खोलीत तिचं भरतकामाचं मशीन दिवसभर खडखडत असायचं. मशीनला नक्षी पाठवायचा जो कॉम्प्युटर होता, तो हल्ली दर तासाला मान टाकायचा. म्हणून तिने कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून दुसरा, वापरलेला पण बरा, कॉम्प्युटर घेतला. नेमकं त्याच दिवशी मोठं काम हातात होतं. दवाखान्याचे चाळीस एप्रन, प्रत्येकाच्या खिशावर दवाखान्याच्या नावाचा निळा बिल्ला भरायचा. सव्वीस झाले होते. संध्याकाळी सहाला मेट्रन स्वतः न्यायला येणार होत्या. काम पसंत पडलं तर दवाखान्याचं सगळंच कापड तिच्याकडे येणार, नाहीतर बाजारातल्या मोठ्या दुकानाकडे.

"काकू, भरतकामाचा प्रोग्राम नव्यावर टाकलाय," दुरुस्तीवाला म्हणाला. "पण ऑपरेटिंग सिस्टीमचा परवाना तुमच्या जुन्यावर आहे. तो तिथून काढायचा आणि इथे द्यायचा. सिस्टीमला परवाना नसेल तर हा प्रोग्राम उघडतच नाही. मी उद्या सकाळी येऊन करतो. आज जुन्यावरच रेटा."

"म्हणजे बदलीच की," खुर्चीतून हेडक्लार्क म्हणाले.

"हो काका, बदलीच."

"तुम्ही बसा हो," बायको म्हणाली. दुरुस्तीवाला गेला आणि थोड्या वेळाने निळा दोरा संपला म्हणून तीही पिशवी घेऊन निघाली. "आलेच मी. कशाला हात लावू नका."

हेडक्लार्कांनी दहा मिनिटं कळ काढली. मग जुन्या कॉम्प्युटरने पुन्हा मान टाकली आणि त्यांना राहवेना. त्यांनी तो बंद करून चालू केला. डब्याच्या बाजूला परवान्याचं लेबल होतं, त्यावर पंचवीस अक्षरं नि आकडे. पद्धत तर त्यांना पाठ होती. माणूस आधी जुन्या जागेवरून कार्यमुक्त होतो, मग नव्या जागी रुजू होतो. एक माणूस दोन खुर्च्यांवर बसत नाही. पडद्यावर शोधत शोधत ते योग्य जागी पोचले. 'परवाना काढून टाकायचा का?' असं विचारलं गेलं. त्यांनी 'हो' दाबलं. मग जुन्याचा कुणी गैरवापर करू नये म्हणून टेबलाच्या खणातून ऑफिसची आठवण म्हणून जपलेला 'रद्द'चा शिक्का काढला, शाईला लावला आणि लेबलावर असा काही हाणला की कपाटातल्या बरण्या वाजल्या. सात महिन्यांत इतकं समाधान त्यांना मिळालं नव्हतं.

नव्या कॉम्प्युटरने म्हटलं, 'परवाना क्रमांक लिहा.'

हेडक्लार्कांनी लेबलाकडे पाहिलं. मधली दहा अक्षरं जांभळ्या शाईखाली गडप झाली होती.

जुन्यावरचा प्रोग्राम उघडेना, नव्यावरचा तर नाहीच नाही. परवाना कार्यमुक्त झाला होता आणि कुठेच रुजू नव्हता. त्यांच्या नोकरीत असं एकदाच झालं होतं. एक शिपाई बदलीच्या गावी जायला निघाला, तो दोन महिने कुठेच पोचला नव्हता.

बायको आली. मशीनचा आवाज नाही, नवरा उभा आणि त्याची बोटं जांभळी. तिला सांगावं लागलं नाही.

"काय केलंत?"

"बदली."

"कुणाची?"

"अगं, परवान्याची. पण आदेश वाचता येत नाहीये."

"चौदा एप्रन राहिलेत हो माझे! मेट्रनबाईंना काय शिक्का दाखवू?"

दुरुस्तीवाल्याचा फोन लागेना. बायकोने मग कापडावरचे डाग काढायचं स्पिरिट घेतलं, कापसाचा बोळा केला आणि लेबल टिपायला बसली. घासलं तर अक्षरंही जातील म्हणून नुसतं टिपत होती. आठ अक्षरं वर आली. दोनांवर अडलं.

"हा बी की आठ?"

"आठ वाटतोय."

"तुम्हाला काय, तुम्हाला सगळं बरोबरच वाटतं."

चौथ्या खेपेला आकडा पटला, तर पडदा म्हणतो, हा क्रमांक आधी दुसरीकडे वापरलेला आहे, कंपनीला फोन करा. हेडक्लार्कांनी केला. पलीकडे एक मुलगी होती.

"सर, हा परवाना सध्या किती कॉम्प्युटरवर चालू आहे?"

"एकावरही नाही. जुन्या जागेवरून आज दुपारी दोन चाळीसला कार्यमुक्त. नव्या जागी अद्याप रुजू नाही."

"हलवण्याचं कारण?"

"प्रशासकीय."

बायकोने फोन ओढला. "अगं बाई, जुना मोडलाय आणि सहाला माझं गिऱ्हाईक येतंय!"

मुलगी हसली आणि नव्या कॉम्प्युटरवर भरायचे आकडे सांगू लागली. सहा-सहाचे आठ गट. बायको दुसऱ्याच गटात चुकली. फोन परत हेडक्लार्कांकडे आला. ते प्रत्येक गट लिहून घेत, परत वाचून दाखवत आणि म्हणत, "बरोबर असल्यास बरोबर म्हणा." मुलगीही मग नुसतं "बरोबर" म्हणू लागली. एकही आकडा हुकला नाही. साडेचारला प्रोग्राम उघडला आणि मशीन खडखडायला लागलं.

एका बिल्ल्याला पाच मिनिटं. बायको मशीनवर, म्हणून मागचे धागे कापायचं काम हेडक्लार्कांना मिळालं. तिसऱ्या बिल्ल्याला त्यांनी धाग्याबरोबर एका अक्षराची शेपटीही कापली. बायकोने शेपटी पुन्हा भरली, कात्री काढून घेतली आणि बोटाने एप्रनच्या ढिगाकडे दाखवलं. घड्या घाला. वीस मिनिटांत त्यांचीच बदली झाली.

सहाला मेट्रन आल्या. चष्मा लावून एकेक बिल्ला उलटसुलट पाहिला. घड्या तर अशा की कोपऱ्याला कोपरा, फायलींची चळतच जणू.

"बिल्ले छान. पण घडी कुणी घातली?"

हेडक्लार्क ताठ झाले.

"इतकी रुंद आमच्या कपाटात बसत नाही. पुढच्या वेळी अर्धी घाला."

बायकोने त्यातलं 'पुढच्या वेळी' एवढंच ऐकलं आणि पटकन स्टुलावर बसली. हेडक्लार्कांनी 'अर्धी' ऐकलं, आणि मेट्रन नको नको म्हणत असताना चाळीसच्या चाळीस एप्रन उलगडायला घेतले.