खिळ्याखालची निलम

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. औंढ्याच्या बाजारात सांगितली तेव्हा भजीवाला हसता हसता कढईत जायचा वाचला. पण सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला माळावर जो तांडा आहे, तिथं जाऊन बघा. धर्मसिंगच्या दारात कडुलिंब उभा आहे. तो पोरीबरोबर वाढला. पोरगी बोटभर वाढली की झाड बोटभर. पोरगी आठ दिवस तापानं पडली, तर झाडानं आठ दिवस पान हलवलं नाही.

पोरीचं नाव निलम. नववीत होती. आईबाप पुण्याकडं बांधकामावर, म्हणून ती आजोबा धर्मसिंग आणि आजी जिवनबाई यांच्याजवळ राहायची. त्या कडुलिंबाला एक खिळा होता. जिवनबाईनं तो स्वतःच्या टाळूच्या मापानं ठोकून घेतलेला. गवंड्याच्या टेपानं मोजला होता, बराबर पाच फूट. त्या घरचा रिवाजच होता तसा. पोरीचं डोकं खिळ्याला लागेपर्यंत तिच्या सोयरिकीचं नाव कुणी काढायचं नाही.

निलमला मात्र त्या खिळ्याशी दुसरंच काम होतं. शाळेत मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ होता आणि तो दरसाल हिंगोलीला खेळायला जायचा. आठवीत असताना पल्लवी मॅडमनी तिला जाळीखाली उभं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हात चांगलाय तुझा. पाच फुटाची झालीस की ये." निलमनं हे घरात कुणाला सांगितलं नाही. आधी पाच फूट होऊ, मग सांगू. तेव्हापासून रोज सकाळी ती झाडाला पाठ टेकून उभी राहायची, डोक्यावर पाटी आडवी धरायची आणि हळूच वळून बघायची. पाटी खिळ्याच्या दोन बोटं खालीच.

श्रावण गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळाही गेला. दोन बोटं खालीच.

आता तुम्ही म्हणाल, पोरगी वाढत असेल तर दुसरीकडून कळलं नसतं का. कळायचं की. पण धर्मसिंगजवळ सगळ्याचं उत्तर असायचं. सलवार घोट्याच्या वर गेली.

"दादा, ही आखूड झाली," निलम म्हणाली. आजोबाला ती दादाच म्हणायची.

"कपडा आटला, बाई. आजकाल सुतात दम न्हाई."

दाराच्या चौकटीला कपाळ आपटायला लागलं, तर तो म्हणाला, "तुझी आजी दर सणाला सारवती. शेणाचे थर चढून चढून जमीन वर येऊन राहिली. धा वर्षात आपल्याला रांगत घरात जावं लागंल."

जिवनबाई तिच्या कपाळाला लागायला लागली, तेव्हा तर त्यानं बायकोलाच आटवलं. "म्हातारं माणूस वाळल्या मिरचीवानी आकसतं. हिला पोत्यात भरून न्यायची पाळी येईल एक दिवस."

"मला पोत्यात भरा, पण तुमची जीभ बाहेर ठेवा, उपयोगी पडंल," जिवनबाई म्हणाली.

निलमला आजोबाचं खोटं वाटायचं नाही, कारण खिळा डोळ्यांपुढं होता. खिळा कशाला खोटं बोलेल? ती फांदीला लोंबकळली. भिजवलेले हरभरे खाऊन खाऊन तिला घोड्यासारखी ढेकर यायला लागली. तिच्या वर्गातली ऐश्वर्या म्हणायची, "निल्ले, तू माझ्यापेक्षा उंच हायेस," तर निलम म्हणायची, "तू बसकी हायेस म्हणून."

जुलैमध्ये निवड होती. निलम मैदानाच्या कडेला बसली, सगळ्यांच्या चपला सांभाळत. चपला तिनं नीट जोडीनं लावून ठेवल्या होत्या. मधेच कुणीतरी मारलेला बॉल वर्गाच्या पत्र्याच्या पन्हाळीत अडकला. पोरींनी उड्या मारल्या. काठी आणायला एक पळाली. निलम उठली, दोन पावलं धावली, उडी मारली आणि बॉल काढून ऐश्वर्याच्या हातात देऊन पुन्हा चपलांपाशी येऊन बसली.

पल्लवी मॅडम शिट्टी तोंडात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "निलम, तू इथं काय करतेस?"

"चपला पाहून राहिले, मॅडम."

"खेळायला का नाही आलीस?"

"मी आजून पाच फूट झाले न्हाई."

मॅडमनी तिला बालवाडीच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्टीशी नेऊन उभं केलं. पट्टीवर खाली ससा होता, मध्ये हरीण आणि वर जिराफ. निलमचं डोकं जिराफाच्या गळ्याशी. पाच फूट तीन इंच.

"भिंत खचली असंल, मॅडम," निलम म्हणाली.

मॅडमनी टेप काढला. टेपानंही तेच सांगितलं. "भिंत खचली, मग टेप काय थकला?" असं म्हणून त्यांनी तिच्या हातात पालकांच्या सहीचा कागद दिला. निलमनं टेपही मागून घेतला.

ती घरी आली तर कडुलिंबाखाली खाट टाकून धर्मसिंगची बहीण, कनेरगाव नाक्याची गोजरबाई आत्या बसलेली. ही आत्या महिन्याआड एक स्थळ घेऊन यायची आणि दर वेळी धर्मसिंग तिला खिळा दाखवून वाटेला लावायचा. आजही तेच चाललं होतं.

"पोरगं चांगलं हाय, भाऊ. ट्रॅक्टर हाय."

"ट्रॅक्टर असू दे. पोरगी आजून खिळ्याखालीच हाय, तूच पाय. निलम, उभी राय बाई."

निलम उभी राहिली. खिळा दोन बोटं वर. मग ती वळली आणि टेपाचं एक टोक पायानं दाबून धरत दुसरं खिळ्यापर्यंत नेलं. पाच फूट पाच इंच.

आत्यानं टेप हातात घेऊन जवळून पाहिला. "खिळा पाच फुटाला व्हता ना, भाऊ?"

धर्मसिंगनं बिडी विझवली. "तेच तर सांगून राहिलो. झाड वाढलं. पोरगी वाढली तसं झाड वाढलं, अन् खिळा वर गेला. माया लावली की झाडाला कळतं."

गोजरबाईनं झाडाला हात जोडले. जोडून झाल्यावर तिच्या डोक्यात हिशोब बसला. "मंग पोरगी तर खिळा कवाच ओलांडून बसली म्हणा. पाव्हण्यांना बोलावू?"

धर्मसिंग बिडीकडं बघत बसला. तेव्हा निलम म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच जरा मोठा वाटला, "आत्या, लग्नाला उंची लागत न्हाई, वय लागतं. अठरा. मला चवदावं हाय. अन् पुढच्या महिन्यात मी घरी न्हाई, हिंगोलीला खेळायला चालले." तिनं कागद आजोबापुढं धरला. "मॅडमनी पाच फूट मागितले व्हते. मी वरसभर या खिळ्याखाली उभी राहून रडले, दादा."

धर्मसिंगनं कागद उलटा धरला, मग सुलटा केला. "खेळायचं व्हतं, तर मला काहून न्हाई सांगितलं, लेकरा?"

"पाच फूट झाल्यावर सांगणार व्हते."

जिवनबाई आत गेली आणि पेन घेऊन आली. धर्मसिंगनं सही केली, 'धर्मसिंग' मधला अनुस्वार ठळक देऊन. आत्यानं पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली की ट्रॅक्टरवाल्याला धाकटा भाऊ आहे, तो चार वर्षं थांबेल. सगळे हसले. मग हुशारी येऊन धर्मसिंग झाडाच्या बुंध्यावर थाप मारत पुन्हा सुरू झाला.

"असं झाड साऱ्या तालुक्यात न्हाई सापडणार. पोरीसंगं इंच इंच वर सरकलं. उद्या हिंगोलीला ही उडी मारंल, तवा हितं याची मुळं उचलतील, पाय तू."

निलम खिळ्याखाली बुंध्यावर बोट फिरवत होती. एका ठिकाणी थांबली, मग त्याच्या खाली, मग आणखी खाली.

"दादा, झाड शेंड्याला वाढतं. बुंध्यावरचा खिळा ठोकला तिथंच राहतो, आमच्या विज्ञानात हाय," ती म्हणाली. "मंग ही खालची सात भोकं कुणी पाडली?"