साहेबासाठी रिकामा केलेला डबा

मी छोट्या लाईनवरच्या, अरुंद रुळांच्या आगगाडीचा निजायचा डबा बोलतोय. आता माझ्यात सिमेंटची पोती रचलेली असतात, म्हणून आवाज घोगरा झालाय. चीड मात्र शाबूत आहे आणि ती मी लपवणार नाही.

नागपूरच्या कारखान्यात सागवानी फळ्या जोडून मला केलं. छिंदवाड्याहून नागपूरला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत आडवं होता येईल असा डबा मी एकटाच होतो. बाकीच्यांत नुसते बाक. रामाकोन्याची, सौंसरची माणसं माझ्यात झोपून जायची आणि सकाळी थेट मोठ्या दवाखान्याच्या रांगेत लागायची. ती घोरत, खिडकीबाहेर पाय काढत, विडी माझ्याच अंगावर विझवत. मला त्याचं काही वाटत नसे.

रामाकोन्याचे संत्रेवाले गुणवंताभाऊ दर पंधरवड्याला बायकोला घेऊन येत. विजयमालाबाईंच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी नऊ वेळा औषध चढवायला सांगितलं होतं. त्यांना तासभरही बसवत नसे, म्हणून दाराजवळची खालची फळी लोक न सांगता त्यांच्यासाठी सोडत. पाच वेळा त्या अशाच गेल्या.

मग पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात दिल्लीहून एक साहेब आला. रात्रीची गाडी तोट्यात चालते, ती ठेवायची की बंद करायची, हे तो ठरवणार होता. नागपूरपर्यंत विमानानं आला, तिथून जीपनं छिंदवाड्याला, आणि परतीला माझ्यात चढला. साहेब येतोय हे वाटेतल्या स्टेशनांना आधीच कळलं होतं. रामाकोन्याला फलाटावर ही गर्दी. सहाव्या खेपेला निघालेले गुणवंताभाऊ सगळ्यांच्या पुढे.

आमच्या भागात पाहुणा आला की घरचे उठतात आणि त्याला जागा देतात. गुणवंताभाऊंनी तेच केलं. लोकांना दारातच अडवून म्हणाले, "साहेब लय दुरून आले. त्यायले निजू द्या. झोप चांगली लागली तं गाडीबद्दल चांगलंच लिहितीन."

सगळ्यांना पटलं. आधीपासून आत निजलेलेही वळकट्या काखेत मारून उतरले. विजयमालाबाईंनी तर एक पाय आत टाकलाही होता. त्या म्हणाल्या, "मले येते एक रात बसता," आणि नवऱ्याच्या खांद्याला धरून पुढच्या डब्यात गेल्या. सौंसरलाही हाच निरोप फलाटावर फिरला. पुढच्या डब्यांत माणसावर माणूस बसलं आणि माझ्यात साहेब, त्याचा कारकून आणि बारा रिकाम्या फळ्या.

साहेबाला काही लगेच झोप लागली नाही. तो कारकुनाशी गप्पा मारत राहिला. ज्या विमानातून तो आला, त्यातही बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणे. पण त्याची तूट सरकार भरून देतं, कारण नवी सेवा आहे, तिला हात द्यायला हवा. रिकामं विमान म्हणजे प्रगती आणि रिकामा डबा म्हणजे उधळपट्टी! मला अशी शिसारी आली, की रूळ सोडून त्याला शेतात ओतावं असं वाटलं.

उजाडल्यावर गाडी नागपूरच्या फलाटाला लागताच त्यानं कारकुनाला लिहायला सांगितलं, 'निजायचा डबा पाहिला. प्रवासी एकही नाही.' गार्ड तुळशीराम तिथंच उभा होता. लोकांनी तुमच्यासाठीच डबा सोडला, ते पुढे दाटीवाटीनं बसलेत, चार पावलं चालून बघा, असं त्यानं हात जोडून सांगितलं. साहेब म्हणाला, आपण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो. चार पावलं काही तो चालला नाही. खाली फलाटावर गुणवंताभाऊ संत्र्यांची टोपली घेऊन उभे होते, ती मात्र त्यानं विमानात न्यायला घेतली.

पंधरवडा उलटायच्या आत मला गाडीतून काढलं, पाठोपाठ गाडीही गेली. विमानाची तूट त्या वर्षीही भरली गेली. दुर्गम भागातल्या जनतेला लवकर पोचता यावं, असं ती तूट मंजूर करणाऱ्या कागदात लिहिलं होतं म्हणे. कोणती जनता, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

विजयमालाबाई सातव्या खेपेला बसनं गेल्या. बोरगावच्या पुढे उलट्यांनी बेजार झाल्या, सडकेच्या कडेला निजवावं लागलं. त्यानंतर त्यांनी नागपूरचं नाव काढू दिलं नाही. दोन खेपा राहिल्या त्या राहिल्याच. पोळ्याच्या आधी त्या गेल्या.

परवा गुणवंताभाऊ सौंसरच्या यार्डात आले होते. तुळशीराम सोबत होता. माझ्या दाराला त्यांनी हात लावला. मग म्हणाले, "मीच उतरवलं तिले. तिचा पाय आत होता, तुळशीराम."

साहेबाची तर मला किळस येतेच, पण गुणवंताभाऊ, खरं सांगतो, तुम्हा सगळ्यांच्या या भलेपणाचाही वीट आलाय. तो तुम्हाला मोजायला आला होता हो, आणि तुम्ही त्याच्यासाठी उठून गेलात! पुन्हा कोणी असा आला तर एवढं करा. हलू नका. आजाऱ्याला आडवं करा, पाय पसरून झोपा, आणि साहेबाला दारात उभं राहू द्या.