अर्धं सूत

तिरोड्याच्या शाळेतल्या बाकांसाठी कापलेल्या सगळ्या फळ्या अर्धं सूत कमी भरल्या, तेव्हा गोंदियाच्या छोटेलाल शेठच्या आरागिरणीत एकाच माणसाला बरं वाटलं. तो कवडू मिस्त्री.

अर्धं सूत म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा. नुसत्या नजरेला कळत नाही, पण खाचेत फळी बसवली की बाक डुगडुगतो.

बारा वर्षं गिरणीतली गोल करवत कवडूच्या हाताखाली होती. छप्पन सालच्या दिवाळीनंतर शेठने नवं लोखंडी मेज आणलं. त्यावर आकडे कोरलेले आणि लाकूड टेकवून ढकलायला सरकती पट्टी. पट्टी तीन इंचांवर लावली की फळी तीन इंचांचीच निघायला हवी. मेजामागोमाग नागपूरच्या कारखान्यात शिकलेला खुशाल आला आणि कवडूकडे पात्यांचे दात घासणं-वाकवणं तेवढं राहिलं. आपल्या जागी तो खुशाल शीळ घालत उभा दिसला की कवडूची कानस उगाच जोरात चाले.

दोन दिवस खुशाल चूक शोधत होता. पट्टीचे बोल्ट सोडून पुन्हा आवळले. पात्यापासून तिचं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं, सारखंच. नव्या फळ्या कापल्या. पुन्हा अर्धं सूत कमी.

"काऊन गा खुशाल, तुझं नागपूर फळ्या खाऊन राहिलं का?" दुधराम हमाल म्हणाला. सगळे हसले. कवडू सगळ्यांत मोठ्यानं.

त्याला कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. देवरीच्या जंगलातून येणारं लाकूड ओलं. त्यात पातं अडकू नये म्हणून कवडू दात दोन्ही बाजूंना चांगले ऐसपैस वाकवायचा. खुशालने माप धरलं होतं पात्याच्या सपाट अंगापासून, आणि दात त्या अंगाच्या अर्धं सूत बाहेर आलेले. कवडूने एवढं सांगायचा अवकाश, काम झालं असतं. पण शेठने बजावलं होतं, "कल दुपारपर्यंत माप नाही जमलं, तर मशीन परत कवडूकडे." कवडू कानस चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी शेठ आला तेव्हा खुशाल पात्यावर वाकून एकेका दाताला गुण्या लावून तो किती बाहेर आलाय ते बघत होता.

"सापडलं, शेठजी. दाताच्या टोकापासून मोजायला हवं होतं. गलती माझी." त्याने पट्टी सरकवली, फळी कापली. ती खाचेत गच्च बसली.

"समजलं कसं?"

"कवडूमामांमुळे. सारे दात सारखे वाकवलेले, केसाचा फरक नाही. म्हणून प्रत्येक फळी नेमकी अर्धं सूत कमी. मामांचा हात हलता असता तर मले जन्मात समजलं नसतं."

शेठ कवडूकडे वळला. "क्यों कवडू, दात तर तूच वाकवतोस. तुले नाही समजलं?"

हो म्हटलं तर दोन दिवसांचं वाया गेलेलं लाकूड त्याच्याच माथी येणार होतं. नाही म्हटलं तर मशीन गेलं ते गेलंच.

"नाही जी," कवडू म्हणाला. "आमच्या येळेस मेजावर आकडेच नव्हते. आमाले काय समजते?"

"म्हणून तर ह्याले आणलं," शेठ म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी खुशालने पातं उतरवून कवडूपुढे ठेवलं. "मामा, धार गेली. दात मात्र असेच ठेवा, बरं का."

कवडूने हातोडी उचलली. एखादा दात जरा जास्त वाकवावा असं त्याच्या फार मनात आलं. पण हात नेमका तेवढ्यावरच थांबला. दुसऱ्या दाताला तेच, तिसऱ्यालाही तेच. खुशालपेक्षा त्याला आता आपल्या हाताचाच राग येऊ लागला.