फाटकाची रुंदी

सावळीराम गांगुर्डेंनी मोबाइलची काच बनियनच्या टोकानं पुसली, साखरेच्या डब्याला टेकवून तो टेबलावर उभा केला आणि घसरतोय का ते बघायला डबा एकदा हलवून पाहिला. शेजारी दोनशेपानी वही, भिंग आणि तांबडी पेन्सिल मांडली. रविवारी संध्याकाळचे सात वाजायला चार मिनिटं होती.

"साहेब ड्युटीवर आले," लताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आता तासभर कुकरची शिट्टी पण वाजवायची नाय."

"वाजव की. लेकीलाही ऐकू दे," सावळीराम म्हणाले. तरी उठून स्वयंपाकघराचं दार त्यांनी ओढून घेतलंच.

बरोबर सातला फोन वाजला. ओहायोत सकाळचे साडेनऊ झाले होते. त्यांची एकुलती एक मुलगी योगिनी घराच्या मागच्या पायरीवर कॉफीचा मोठा कप घेऊन बसली होती.

"आप्पा, बारा नंबर बघितलं?"

"बघितलं. नापास."

"आता त्याला काय झालं?"

"सीट चांगलं आहे, चाकंही चांगली आहेत. पण पात्यांवरचं झाकण पातळ पत्र्याचं आहे. ओलं गवत आतून चिकटून बसतं आणि दोन वर्षांत गंज धरतो. तेरा जणांनी तसं लिहिलंय. तेराही जणांचं मी वाचलं."

"इंग्लिशमधून?"

"मग काय मोडीतून?"

योगिनी हसली. सावळीरामांनी डबा उगाच थोडा सरकवला.

चर्चा चालली होती ती गवत कापायच्या यंत्राची. बसून चालवायचं, चार चाकांचं, लहानसं ट्रॅक्टरच म्हणा. योगिनीनं वर्षापूर्वी गावाबाहेर घर घेतलं आणि त्या घराबरोबर तिच्या गळ्यात एकरभर गवत पडलं. पहिल्यांदा फोनवर ते पाहून सावळीरामांनी विचारलं होतं, "गुरं किती आहेत?" गुरं नाहीत, गवत कापायचं आणि टाकून द्यायचं, हे त्यांना दोन दिवस पचलं नव्हतं. येवल्याकडच्या खेड्यात त्यांचं लहानपण बांधावरचं गवत भाऊबंदांच्या आधी कापून आणण्यात गेलेलं. बरं, त्या एकराला ना कंपाउंड, ना कुंपण, ना फाटक. शेजाऱ्याचं गवत कुठं संपतं आणि आपलं कुठं सुरू होतं, ते देवालाच ठाऊक. पण वीतभर वाढलं तर तिथली नगरपालिका नोटीस पाठवते म्हणे. हातानं ढकलायच्या यंत्रानं दोन दिवस जायचे आणि तिची कंबर धरायची. घरापायी हात आखडलेला, म्हणून यंत्र स्वस्तातलं हवं होतं. आणि स्वस्तातली यंत्रं चाळीस तऱ्हेची.

"तुम्हीच बघून सांगा की, आप्पा. तुमची नजर चांगली आहे," मे महिन्यात ती सहज म्हणाली होती.

सावळीरामांना असं सहज काही सांगायची सोय नव्हती. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्यांनी चौतीस वर्षं टपाल तिकिटांचे कागद तपासले होते. कागदावरचं एखादं तिकीट छिद्रांच्या ओळीपासून सूतभर सरकलेलं दिसलं की तांबडी फुली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. भाजीवाल्याच्या काट्याखेरीज त्यांना तपासायला कुणी काही दिलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वही आणली आणि पानापानाला एकेक यंत्र लिहायला घेतलं.

त्याआधी योगिनीचा फोन म्हणजे सहा-सात मिनिटांचं काम असायचं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पाऊस आहे का. मग दोन्हीकडून एकदम बोलणं, मग दोन्हीकडून एकदम गप्प, आणि "चला, ठेवू?" ती बहुतेक वेळा गाडी चालवत असायची, नाहीतर दुकानात. फोन बंद झाल्यावरही सावळीराम तो थोडा वेळ हातात धरून बसायचे.

यंत्राचा विषय निघाला आणि फोन तासावर गेला. बॅटरीचं बोलता बोलता कळलं, की जावई राकेशची बदली दुसऱ्या राज्यात झालीय आणि तो महिन्यातून दोनदाच घरी येतो. चाकांचं बोलता बोलता कळलं, की ती आठवड्यातून तीन दिवस नुसती खिचडी खाते आणि एकटी असली की वरच्या खोलीत झोपत नाही, खाली सोफ्यावरच झोपते. सरळ विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "मजेत आहे, आप्पा." लहानपणापासून तिची तीच रीत होती. पाय मुरगळला तरी शाळेची वही मिळत नाही म्हणून रडायची.

म्हणून बारा यंत्रं नापास झाली होती. त्यांतली निदान चार चांगली होती, हे सावळीरामांना पक्कं ठाऊक होतं. चौतीस वर्षांत त्यांनी चांगल्या कागदावर एकदाही फुली मारली नव्हती. ती आता मारत होते, आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. पण एकदा यंत्र ठरलं की पुन्हा गोळ्या आणि पाऊस. ते त्यांना सोसणार नव्हतं.

त्या रविवारी जेवताना लताबाईंनी विषय काढला.

"शेजारचा माणूस येतो म्हणे तिचं गवत कापायला. दर आठवड्याला."

"हो. यंत्र येईपर्यंत."

"फुकट येतो व्हय तो?"

सावळीरामांच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"मला कळत नाय असं नाय," लताबाई जरा हळू आवाजात म्हणाल्या. "मी पण दाराआड उभी राहून ऐकतेच की. मला पण तेवढाच तास हाय. पण तिचं नुकसान करून नको. लय दिवस झाले. सांगून टाका आता."

सावळीरामांनी ताटात हात धुतला, आणि हे लताबाईंना मुळीच आवडत नसूनही त्या दिवशी त्या काही म्हणाल्या नाहीत.

सांगायचंच तर यंत्र एकदा डोळ्यांनी बघून सांगावं, असं त्यांनी ठरवलं. गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये त्यांचा पुतण्या महेश लाइटची कामं बघायचा. तिथं असलं एक यंत्र होतं. बुधवारी दोन बस बदलून सावळीराम वहीसकट तिथं पोचले. श्रावणातलं ऊन पडलं होतं आणि मंगळू नावाचा पन्नाशीचा माळी यंत्राची पाती खराट्याच्या काडीनं खरवडत होता.

"बसा ना वर, काका. बंद हाय," तो म्हणाला.

सावळीराम चपला काढून वर बसले. चपला का काढल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. स्टिअरिंग हातात धरलं, पाय पुढं टेकवले. योगिनी त्यांच्यापेक्षा चार बोटं बुटकी. तिचे पाय इथवर पोचतील का, हा विचार मनात आला आणि मग ते तिथून लवकर उठलेच नाहीत. समोर गवत होतं, पलीकडं पाणी होतं. ती अशीच एकटी बसणार, आवाज करत एकरभर फिरणार आणि यंत्र बंद केल्यावर घरात कुणी नसणार. त्यांना पोरीची इतकी आठवण आली, की मंगळू काय म्हणतोय ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

"उतार हाय का तुमच्याकडं? उतारावर आडवं घालायचं नाय. उभं वर, उभं खाली. आडवं घातलं का उलटतं," मंगळू सांगत होता. "आन् झाडाला लय खेटायचं नाय. नवा माणूस हमखास खेटतो. साल निघती." त्यानं एका आंब्याकडं बोट दाखवलं. बुंध्याला वीतभर जुना व्रण होता. "ते माझं हाय. पहिल्या साली."

सावळीरामांनी वही उघडून बारा यंत्रं त्याच्यापुढं धरली. "यातलं कुठलं घ्यावं?"

मंगळूनं वही न बघताच हात झटकले. "कुठलं पण घ्या, काका. महिनाभरात चालवणाऱ्याला हात बसतो. मग सगळी सारखीच."

परतीच्या बसमध्ये सावळीरामांनी सात नंबरचं पान काढलं. बेचाळीस इंच रुंदीचं, किमतीत बसणारं, सीट मागंपुढं होणारं. त्या पानावरची तांबडी फुली त्यांनी खोडरबरानं पुसली. ती पूर्ण गेली नाही, पण कळण्याइतकी गेली.

पुढच्या रविवारी योगिनीनं "काय म्हणताय?" विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकलं.

"ठरलं. सात नंबर घे."

योगिनीनं कप खाली ठेवला.

"इतक्यात?"

"इतक्यात काय? मे महिन्यापासून चाललंय."

"पण सात नंबर तुम्हीच नापास केलं होतं ना. बॅटरी."

"माझी चूक झाली. बॅटरी चांगली आहे."

ती घाईघाईनं म्हणाली, "पण आप्पा, माझ्याकडं उतार आहे. सात नंबर त्यावर चढेल का? तुम्ही नीट बघितलाच नाहीये उतार. थांबा, दाखवते."

तिनं फोन वळवला. सावळीरामांनी सवयीनं भिंग उचललं.

उतार फार नव्हता. गवत ताजं कापलेलं होतं, उभ्या पट्ट्यांनी, वर आणि खाली, एक पट्टा फिका, एक गडद. उजवीकडं एक झाड होतं आणि त्याच्या बुंध्याची साल एका बाजूनं निघाली होती. फोन आणखी सरकला. गॅरेजच्या भिंतीपाशी निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं आणि ताडपत्रीच्या खालून एक पिवळं चाक डोकावत होतं. त्या चाकापासून गवतापर्यंत दोन सरळ, समांतर ओळी गेल्या होत्या. तेवढ्या जागी गवत मरून खालची माती दिसत होती.

फोन झटकन परत फिरला. पुन्हा योगिनीचा चेहरा आला.

बैलगाडीची चाकोरी कशी पडते, हे सावळीरामांना कुणी शिकवायला नको होतं. ती एका दिवसात पडत नाही, एका आठवड्यातही पडत नाही. त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्यांनी मनातल्या मनात मागं मोजलं. जून. निदान जूनपासून तरी यंत्र तिच्या दारात होतं. शेजारचा माणूस वगैरे कुणी नव्हताच. दहा रविवार पोरगी साफ खोटं बोलत होती, पायरीवर बसून बाराही यंत्रांची उणीदुणी ऐकत होती, आणि सावळीरामांना त्याचा इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी भिंग पुसायला घेतलं. भिंग स्वच्छ होतं.

"दिसला का उतार?" योगिनीनं विचारलं.

"दिसला."

"मग?"

गप्प बसणं सोपं होतं. पण डोळ्यांना दिसलेला दोष न सांगता पुढं जायचं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"त्या उजवीकडच्या झाडाला इतकं खेटू नकोस," ते म्हणाले. "साल निघालीय. हातभर गवत राहिलं तर राहू दे. तेवढं विळ्यानं काढायचं."

पलीकडं कुठलासा पक्षी ओरडला. योगिनीनं कप उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. तिचे डोळे भरून आले होते. तिनं तोंड बाजूला फिरवलं.

"बरं," ती म्हणाली. मग पुन्हा, "बरं, आप्पा. मी..."

"आणि सात नंबरचं म्हणशील तर," सावळीरामांनी तिला पुढं बोलू दिलं नाही. वहीचं पान उलटलं. "एक बघायचं राहून गेलंय. यंत्र बेचाळीस इंची आहे. तुझं मागचं फाटक किती रुंद आहे?"

योगिनीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मान वळवून तिनं आपल्या त्या उघड्या एकराकडं पाहिलं.

"मोजलं नाही कधी," ती म्हणाली.

"टेप आहे का घरात?"

"शोधावी लागेल."

"शोध सावकाश. पुढच्या रविवारी सांग. घाईघाईत घेतलं आणि आत गेलंच नाही, असं व्हायला नको."

"नको," योगिनी म्हणाली. तिनं बाहीनं नाक पुसलं, पायरीवर मागं रेलून नीट बसली आणि विचारलं, "आई काय करतेय?"

त्यानंतर आणखी पन्नास मिनिटं बोलणं चाललं. त्यात यंत्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

फोन बंद झाल्यावर लताबाई दार ढकलून बाहेर आल्या. पदराला हात पुसत त्या नवऱ्याकडं बघत राहिल्या.

"कसलं फाटक? तिच्या घराला फाटक कुठं हाय?"

"नाहीच," सावळीराम म्हणाले. "म्हणून तर मोजायला वेळ लागेल."

आणि त्यांनी वहीचं कोरं पान काढून वरच्या कोपऱ्यात पुढच्या रविवारची तारीख घातली.