चिलिकाला गेलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. मला कोणत्या कारखान्यात घडवलं, ते सांगणारी अक्षरं कधीच पुसून गेली. एक काच सैल झाली, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात मी धूळ खात पडले होते. कसबा पेठेत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मन्सूरभाईंनी मला उचललं आणि बरं केलं.

मग रविवारी आम्ही खडकवासल्याला जायचो. पाण्यावरचा पक्षी मी जवळ आणायचे आणि ते हळूच त्याचं नाव घ्यायचे. बायकोलाही ते बघायचा आग्रह करायचे. पण कमरजहां आपल्याला त्यातलं काही कळत नाही म्हणायच्या आणि डबा उघडायच्या.

पुढे मन्सूरभाईंना काचबिंदू झाला. दुकान बंद झालं, मी कपाटात गेले. माझ्या काचांवर बुरशी धरू लागली. उरलेली नजरही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कमरजहांनीच मला बाहेर काढून साफ करून घेतलं. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, ते ओडिशातलं चिलिका सरोवर एकदा पाहायची नवऱ्याची इच्छा त्यांना ठाऊक होती. आम्ही तिघं निघालो.

तिथे समुद्राकाठच्या उथळ पाण्यात कोळ्यांची जाळी लावलेली होती आणि पलीकडे पक्षीच पक्षी. होडीत बसून मन्सूरभाई मला बराच वेळ डोळ्यांना लावून फिरवत राहिले. मग त्यांचे हात खाली आले. मी सगळं दाखवत होते. त्यांना नुसता उजेड दिसत होता.

नावाडी होडी अगदी जवळ न्यायला तयार होता. तिथून कदाचित काही दिसलंही असतं.

"पण ते उडतील ना?" मन्सूरभाईंनी विचारलं.

उडतील, असं तो म्हणाला.

"मग नको. लांबून आलेत, खाऊ द्या त्यांना."

कमरजहांनी मला त्यांच्या हातातून घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावलं. आधी त्यांना आभाळच दिसलं. मन्सूरभाईंनी त्यांच्या बोटावर बोट ठेवून, चित्र स्पष्ट होईपर्यंत माझं चाक फिरवलं.

"अहो, नारिंगी बदकं आहेत. डोकं फिकट."

"चक्रवाक," ते म्हणाले. "जोडीनं आहेत?"

"हो. एक खातंय, दुसरं मान वर करून बघतंय."

मन्सूरभाई डोळे मिटून हसले. होडी परत फिरेपर्यंत त्या सांगत राहिल्या आणि ते नावं घेत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला कमी दिसत असेल, तर त्यांनी 'काय आहे?' विचारल्यावर 'काही नाही' म्हणून पुढे जाऊ नका. थांबा, जे दिसतं ते रंगासकट सांगा. माझ्या काचेला ते जमत नाही. तुम्हाला जमेल.