सौदामिनीताईंचं नाक

भोरमध्ये सौदामिनीताईंच्या दवाखान्यात जायचं म्हणजे आधी अर्धा दिवस रिकामा ठेवावा लागे. त्या शिकल्या होत्या आयुर्वेद, पण पुण्यात छातीच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली चार वर्षं राबल्याही होत्या. त्यामुळे त्यांच्याकडे काढा मिळे, तोंडात मारायचा फवारा मिळे आणि दोन्हींच्या जोडीला प्राणायाम मिळे. फक्त औषधाच्या आधी प्रश्न असत. उशी कापसाची की फोमची? न्हाणीघर कुठल्या अंगाला? पलंगाखाली काय काय ठेवलंय? एवढ्यानं भागलं नाही, तर बाई सरळ पेशंटच्या घरी येत आणि कपाटामागे डोकं घालून वास घेत. न हटणारा खोकला, कायमचा थकवा यातलं निम्मं दुखणं ओलीतून आणि बुरशीतून येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. भोरात पाऊसच असा पडे, की बहुतेक वेळा ते खरं ठरे. मग मत आणखी ठाम होई.

२००४ सालच्या गणपतीनंतर त्यांच्याकडे मन्सूरचाचा आले. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारे, वय अठ्ठावन्न. बरोबर खुर्शिदाचाची होत्या, कारण चाचा स्वतःच्या पायानं दवाखान्यात गेले असते तर तालुक्यात बातमी झाली असती.

"दोन वर्षं झाली बाई," चाची म्हणाल्या. "कोरडा खोकला. रोज रातच्याला अंग कसकसतं, ताप येतो, सकाळी गायब. टीबीच्या तपासण्या दोनदा केल्या, काय न्हाई निगालं. दहा किलो उतरले."

"आठ," चाचा म्हणाले.

"वाजवताना दम लागतो?"

"न्हाई," चाचा म्हणाले.

"व्हय," चाची म्हणाल्या.

बाईंनी छाती तपासली. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी, केस बोटांत चुरगाळावेत तशी बारीक कुरकुर ऐकू येत होती. त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवशी त्या चाचांच्या घरी हजर झाल्या आणि निजायच्या खोलीतलं कपाट पुढे ओढायला लावलं. मागची भिंत छातीपर्यंत काळीहिरवी झाली होती.

"सापडला चोर!" बाई म्हणाल्या, आणि इतक्या आनंदानं म्हणाल्या की चाचींना त्यांना चहा द्यावा की घरातून घालवावं ते कळेना.

पुढचा महिनाभर चाचींनी जे केलं ते बघायला गल्ली जमत होती. भिंतीचा गिलावा खरवडला, नवा केला, चुना मारला. छपराची कौलं फिरवली. गाद्या उन्हात घातल्या, गोधड्या उकळल्या. बाईंच्या नाकाला शंका आली म्हणून जुन्या कांद्याचा ढीगसुद्धा टाकून दिला. चाचा फवारा ओढत होते, काढा पीत होते आणि सकाळी नाकपुडी धरून बसत होते. घर लखलखीत झालं. खोकला होता तिथंच राहिला.

"घरात अजून कुठं तरी असणार," बाई म्हणाल्या. "त्यांना थोडे दिवस कोरड्या जागी पाठवा."

पानशेतला चाचांची लेक फौजिया होती. तिच्या नवऱ्याची धरणाजवळ खाणावळ होती, आणि खाणावळीच्या वरचं स्लॅबचं घर नुकतंच बांधून झालेलं, भिंतीला ओलीचा डागही नव्हता. डिसेंबरात चाचांना तिकडे धाडलं. बाई निर्धास्त झाल्या. दहाव्या दिवशी फौजियाचा दवाखान्यात फोन आला.

"बाई, अब्बांना इथं जास्तच झालंय. काल जिना चढताना मधेच बसले."

सौदामिनीताई त्या दुपारी जेवल्या नाहीत. भिंतीवर त्यांचा इतका विश्वास होता की, खरं सांगायचं तर, त्यांनी पेशंटला विचारायच्या गोष्टीही भिंतीलाच विचारल्या होत्या. पुढच्या रविवारी त्यांनी एसटी धरली, स्वारगेटला गाडी बदलली आणि पाच वाजता पानशेतला उतरल्या.

खाणावळीसमोर पुण्याच्या मंडळींचा घोळका होता. मधोमध खुर्चीवर मन्सूरचाचा बसले होते आणि डोळे मिटून क्लॅरोनेट वाजवत होते. दोन ओळी झाल्या की थांबत, रुमालात खोकत, पुन्हा सुरू करत. पिठलं-भाकरी खाता खाता लोक वाहवा करत होते. जावई खूश होता. शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक वाढलं होतं.

वाजवणं संपेपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "चाचा, हे रोज वाजवता?"

"रोज. चारच्या नमाजानंतर तासभर. हितंबी आन् भोरातबी. चाळीस वर्षांत खाडा न्हाई."

"आणि ताप रात्री आठ-नऊला येतो."

"व्हय."

"जरा दाखवा ते इकडं."

चाचांनी क्लॅरोनेट छातीशी धरलं. "उस्तादांचं हाय. दुसऱ्याच्या हातात देत न्हाई."

"वाजवणार नाही हो. वास घेणार आहे."

घोळक्यातलं कोणीतरी हसलं. चाचांनी नाइलाजानं क्लॅरोनेट पुढे केलं. बाईंनी नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग त्यांनी पेटी उघडायला लावली. आत फ्लॅनेलचं ओलं फडकं होतं. लाकूड तडकू नये म्हणून वाद्य कायम ओलसर कापडात गुंडाळायचं, ही उस्तादांची शिकवण होती. पेटीचं मखमली अस्तर एके काळी लाल होतं. आता त्यावर पांढरट-हिरवी लव आली होती. वाद्याचे सांधे वेगळे केले, तर आत काळा थर.

"हे आतून कधी धुतलं, पुसलं?"

"आतून?" चाचा दचकले. "आतून पुसलं की सूर जातो, बाई. चाळीस वर्षांची बैठक हाय त्यात."

"बैठक नाही चाचा, बुरशी आहे. फुंकायच्या आधी तुम्ही मोठा श्वास घेता ना? वाद्यावरचं तोंड न काढता?"

 चाचांचा चेहरा असा उतरला की सौदामिनीताईंना, चोर सापडूनही, या वेळी आनंद करता आला नाही. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"तुमच्या उस्तादांचं काही चुकलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ते कुठले?"

"सोलापूरचे."

"मग बरोबरच आहे. तिकडं लाकूड तडकतं. आपल्याकडं कुजतं."

हे चाचांना पटलं. उस्ताद बरोबर राहून वाद्य धुता येत असेल, तर त्यांची हरकत नव्हती. क्लॅरोनेट पुण्याला दुरुस्तीवाल्याकडे गेलं, तीन आठवड्यांसाठी. बाईंनी चाचांना आपल्या त्याच मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं छातीचा फोटो निघाला, बुरशीनं फुप्फुसं सुजलीत हे बाईंचं निदान खरं ठरलं आणि दोन महिन्यांच्या गोळ्या लागल्या. चौथ्या दिवशी ताप आला नाही. दहाव्या दिवशी चाचांनी दोन भाकऱ्या खाऊन तिसरी मागितली. प्राणायामातला भुंग्यासारखा गुणगुणायचा प्रकार त्यांना आवडला, पण ते तो एका सुरात करीनात. ताना घेत. बाईंनी सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

एका सकाळी बाई चाचींकडे गेल्या. "भिंतीचं माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला महिनाभर उगाच राबवलं."

चाचींनी चहा गाळता गाळता त्यांच्याकडे पाहिलं. "राबवलं खरं. पर हे पंधरा वर्षं म्हणत हुते, भिंत या उन्हाळ्यात करू. तुमच्या नाकानं एका महिन्यात झाली." मग बशी पुढे सरकवत म्हणाल्या, "फकस्त त्या कांद्याचं तेवढं वाईट वाटलं."

क्लॅरोनेट परत आलं. चाचांनी फुंकून पाहिलं आणि खाली ठेवलं. आवाज पातळ झालाय, परक्याचा वाटतो, म्हणाले. आठ दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही. बँडमधला ढोलवाला सोनबा येऊन समजूत घालून गेला, तरी नाही. शेवटी बाईच म्हणाल्या, "फुप्फुसं पूर्वीची राहिली नाहीत तुमची. साफ झालीत. नव्या दमानं वाजवायला शिकावं लागेल. वर्ष लागेल कदाचित." वर्ष लागेल हे ऐकल्यावर चाचा चिडून उठले आणि त्याच संध्याकाळी रियाजाला बसले.

फेब्रुवारीत हिर्डोशीला लग्न होतं. एसटी चुकली, टेम्पो घाटाखाली बंद पडला आणि बँडची माणसं वाद्यं खांद्यावर टाकून चढ चढू लागली. चाचांना मागं बसवून न्यायला कोणाची तरी मोटरसायकल थांबली. त्यांनी सोनबाला त्याच्या ढोलासकट तिच्यावर बसवलं आणि स्वतः चालत निघाले. मांडवात पोचले तेव्हा धापा टाकत होते, पण खोकत नव्हते. पाणी प्यायले, ओठ पुसले आणि वरात निघायची वाट न बघता वाजवायला सुरुवात केली.