बाबांचं रीडिंग

ऐक फक्त, मधे काही विचारू नकोस. माझे बाबा फिल्टर पेपरवर जमायला लागले.

तुला माहितीय ना, मी लॅबमध्ये लागलेय. आमचं हवा मोजायचं मशीन शाळा नंबर चारच्या गच्चीवर आहे, आणि खाली शाळेच्या भिंतीला टेकून बाबांचं सायकलचं दुकान. मशीन म्हणजे पत्र्याचं छोटं घर समज, वर उतरतं छप्पर, आत मोटर. ती दिवसभर घुंऽ करत हवा ओढते, हवेतली धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर बसते. मी रोज सकाळी दहाला जुना कागद काढते, नवा लावते. कागदाचं वजन आधी केलेलं असतं, नंतर परत करायचं. जेवढं वाढलं तेवढी धूळ. अर्धा ग्रॅमसुद्धा वाढत नाही गं कधी.

त्या मंगळवारी कागद तीन किलोनं वाढला.

दिसायला तसाच, पातळ, वहीच्या पानाएवढा. कागदाला हात लावायचा नसतो, पण चिमट्यानं उचलेचना, म्हणून दोन्ही हातांनी उचलला. लॅबच्या काट्यावर एवढं मावत नाही, म्हणून खाली भाजीवाल्या सुनंदाकाकूंकडे गेले.

"काय आहे गं, कोहळा?"

"धूळ आहे, काकू."

"तीन किलो भरली बघ. पिशवी देऊ?"

कागदावर करड्या रंगात बाबांच्या डाव्या हाताची बोटं होती. नखांतल्या ग्रीससकट.

बाबा तिथेच ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत बसले होते. शर्ट ढगळ झालेला. मी म्हटलं, बाबा, काट्यावर बसा.

"काहून? विकतेस का मला?"

एकोणसाठ भरले. आदल्याच दिवशी रक्तदानाच्या शिबिरात बासष्ट होते. मी त्यांचा डावा हात धरला तर माझी बोटं जराशी आत गेली, पिठात जातात तशी. ते म्हणाले, गुदगुल्या होतात, सोड.

बुधवारी अजून तीन किलो. कान.

घरात आम्ही दोघंच, तुला माहितीय. मी ठरवलं, मशीनच बंद करायचं. गुरुवारी केलं बंद. संध्याकाळी कागद कोरा करकरीत, आणि बाबा तरीही तीन किलोनं कमी! चौकात तो हवेचा आकडा दाखवणारा बोर्ड आहे ना, त्यावर सकाळी एकशे चाळीस होते, संध्याकाळी तीनशे बारा. स्टॉपवर सगळे खोकत होते. दोनदा आखूड, एकदा लांब. तो बाबांचा खोकला आहे, मी झोपेतही ओळखीन. एक टाय घातलेला माणूस, मी आयुष्यात पाहिलेला नाही, माझ्याकडे वळून अगदी बाबांसारखं म्हणाला, "गौतू, चहा सांग." आणि बसमध्ये चढला. बस वरोऱ्याला गेली. ते तीन किलो तिकडेच गेले, ते काही मला परत मिळाले नाहीत.

तेव्हा मला कळलं. बाबा तसेही उडून चालले होते. मशीन त्यांना गोळा करत होतं. मग शुक्रवारपासून मी ते एक मिनिट बंद पडू दिलं नाही. म्हटलं, सगळे कागद जपून ठेवायचे, पूर्ण माणूस जमला की बघू पुढचं.

पण आमचे लॅबचे उरकुडे सर. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "रिपोर्ट कुठे आहे? अर्धा कागद कापायचा, ॲसिडमध्ये उकळायचा, शिसं किती, निकेल किती ते काढायचं. शिकवलं ना?"

"सर, हे माझे बाबा आहेत."

सरांनी चष्मा वर करून कागद बघितला. "मग बरोबर मधून काप. दोन्हीकडे सारखे आले पाहिजेत."

मी कापला. सर समोर उभे होते गं. ॲसिड हिरवट झालं, रिपोर्टमध्ये शिसं आलं, निकेल आलं, आणि शेवटच्या रकान्यात 'इतर' म्हणून बरंच काही आलं. संध्याकाळी बाबा दुकानात पाना हातात धरून बसले होते. म्हणाले, "गौतू, हे कशाचं असते?"

रोज एक कागद, रोज अर्धा उकळायचा. ते रोज काहीतरी विसरायचे. चेन चढवणं, मग गल्लीचं नाव, मग आईचं. उरलेले अर्धे मी काचेच्या बरणीत ठेवायचे, खाली निळे दाणे असतात, ते ओल पिऊन टाकतात, कारण कागदातलं पाणी वजनात धरायचं नसतं. बरणी आतून सारखी धुरकट व्हायची.

"कागद ओले ठेवतेस तू," सर म्हणाले.

"ते रडतात, सर."

"मग दाणे बदल."

मी दाणे बदलले.

विसाव्या दिवशी बाबांचे दोन किलो उरले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ते स्वतःच गच्चीवर आले, म्हणजे वाऱ्यानं आले. मी त्यांना सायकलच्या ट्यूबनं कठड्याला बांधलं, मशीनच्या तोंडाजवळ. चेहरा होता, बाकी आरपार शाळेचं मैदान दिसत होतं. मी विचारलं, बाबा, मी कोण? तर म्हणाले, "गौतू. एवढं आहे अजून."

तेवढ्यात सर जिना चढून आले, मागे दोन हमाल. "रीडिंग फार येतंय इथे. मशीन बागेत हलवायचंय, झाडांत. हा शेवटचा कागद काढ, आजच उकळून टाक."

आणि बाबा ट्यूबमधून सुटायला लागले. आधी हनुवटी. मला काही सुचलं नाही गं, मी तोंड उघडलं आणि एका दमात सगळे आत ओढून घेतले. दोन्ही किलो. चव ग्रीसची आणि ओल्या रबराची. आणि तोंड गच्च मिटलं.

"काय गं, बंद करू का मशीन? बोल ना!" सर म्हणाले.

उजवीकडे मशीनचं तोंड घुंऽ करत ओढतंय, आत सरांचा शेवटचा कागद. डावीकडे मोकळी हवा, खाली मधली सुट्टी झालेली, चारशे पोरं मैदानात पळतायत, तोंडं उघडी टाकून. माझ्या बरगड्यांच्या आत कोणीतरी खोकायला लागलं होतं, दोनदा आखूड झालं होतं, लांबचा यायचा होता. सर माझ्या तोंडाकडे बघत होते.

सांग ना. तू काय केलं असतंस?